झेपवाला

विवेक धर्माजी गमरे हा मुलगा मनाने वाईट नाही, असं त्याच्या वाडीतली माणसं आजही सांगतात. सांगोत बापडी. वाईट नसेलही, पण शहाणा फार, आणि त्याचं शहाणपण त्याच्या एकट्याच्या अंगात मावायचं नाही, ते गावभर सांडत सुटायचं. चौलच्या अलीकडे खाडीकाठाला त्यांचं गाव, गावाच्या टोकाला बौद्धवाडी आणि विहाराला लागून धर्माजींचं कौलारू घर. त्या घरातून रोज सकाळी निळा टी-शर्ट घालून, केसांना पाणी लावून, गळ्यात ओळखपत्र अडकवून विवेक मोटारसायकलवर निघाला, की बघणाऱ्याला वाटावं, जिल्हाधिकारीच चालले दौऱ्यावर.

ओळखपत्रावर छापलं होतं, ‘विद्यार्थी डिजिटल जागृती समन्वयक’. नाव ऐकून माणूस उठून उभाच राहील. काम काय, तर शाळाशाळांतून हिंडून ‘झेप’ नावाचा ब्राउझर पोरांच्या गळ्यात मारायचा. ब्राउझर म्हणजे फोनवर इंटरनेट उघडायचं ॲप. ते प्रत्येक फोनमध्ये आधीच असतं आणि फुकट असतं. झेपही फुकटच. मग असलेलं सोडून हे कशाला घ्यायचं, असा प्रश्न लोकांना पडायचा, आणि लोक विचारायचेही. त्यावर विवेकचं एक ठरलेलं हसणं होतं. नाकातून जराशी हवा सोडायची आणि मान दुसरीकडे वळवायची. तुम्हाला नाही कळायचं, हे तो तोंडाने म्हणत नसे, त्या हसण्यातच म्हणून टाकायचा.

खरं सांगायचं तर झेप होतं अगदी भिकार. उघडलं की आधी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात, मग गोरं करणाऱ्या क्रीमची, मग कुठल्याशा बाबाच्या अंगठीची, आणि ही सगळी गर्दी ढकलून पोराने प्रकाशसंश्लेषण शोधायचं. एकदा फोनमध्ये घुसलं की निघायचं नाव नाही. काढायला गेलं की ‘तुम्ही खरंच आम्हाला सोडणार?’ असं रडगाणं गायचं आणि पुन्हा जाग्यावर येऊन बसायचं. फोन तापायचा तो वेगळाच. विवेकने स्वतःच्या फोनला त्याचा वारासुद्धा लागू दिला नव्हता. कंपनीने दाखवण्यापुरता एक टॅब दिला होता, त्यात ते होतं. आणि हाच गडी वर्गावर उभा राहून सांगायचा, की झेप नसेल तर तुम्ही जगाच्या मागे राहाल. जनाची नाही निदान मनाची तरी असावी, पण तिचाही पत्ता नव्हता.

मुंबईच्या कंपनीला आकडे लागायचे. किती शाळा झाल्या, किती पोरांनी झेप घेतलं, फोटो कुठे, व्हिडिओ कुठे. आकडे भरेनात तेव्हा विवेक स्वतःच्याच नंबरावर नसलेल्या पोरांची खाती उघडायचा. एवढी उघडली की शेवटी त्याचा नंबरच बंद पडला. मग त्याने दुसरं सिम घेतलं, तेही तसंच गेलं. आज या नंबरावर, उद्या त्या, असा त्याचा कारभार. घरच्यांनाही त्याला कुठल्या नंबरावर हाक मारावी ते कळत नसे. आणि म्हणूनच बंदरातल्या कंपनीत त्याने नोकरीचा अर्ज केला, तेव्हा नंबर दिला तो बापाचा.

ही बंदरातली नोकरी म्हणजे गोदामात कारकुनाची जागा होती, परमनंट. धर्माजींनी उभं आयुष्य कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोती वाहिली. ठेकेदार बदलले, गेटपासचा रंग बदलला, धर्माजी मात्र पोत्याखालीच राहिले. परमनंट हा शब्द ते फार जपून उच्चारत. चारचौघांत विवेक म्हणायचा, की बाबांचं समाधान व्हावं म्हणून अर्ज टाकलाय, आपल्याला काय, आपण उद्या कंपनीचे जिल्हाप्रमुख. पण झेपचं काही खरं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? बंदरातली ती खुर्ची त्याला हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती. आणि सांगायलाच हवं, लेखी परीक्षेत तो पहिला आला होता. डोकं होतं त्याला. वापरलं कुठे, हा पुढचा प्रश्न.

मुलाखतीनंतर तिथल्या बाईंनी सगळ्यांना स्पष्ट बजावलं होतं. जागा मोकळी झाली की यादीतल्या पहिल्या नावाला फोन जाईल. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. फोन लागला नाही की पुढचं नाव. यादीत विवेकच्या खाली नाव होतं निकेतचं. हा शेजारच्या गावातला भातशेती करणाऱ्यांचा मुलगा, अबोल, मुलाखतीला बापाची पँट घालून आलेला. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यांच्या घरातला एकुलता एक. तो पाहून विवेकने बाहेरच्या बाकावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, की हा फोन संग्रहालयातून आणलास का. निकेत हसला आणि फोन खिशात घालून बसला.

तेव्हापासून धर्माजींच्या घरात त्या फोनचं राज्य सुरू झालं. लावणीचे दिवस. धर्माजींनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, गळ्यात अडकवला. खाडीलगतच्या खाजण जमिनीतल्या तुकड्यावर रेंज येत नाही म्हणून तिकडची लावणी त्यांनी भावकीवर सोपवली आणि स्वतः घराजवळच्या खाचरात वाकून राहिले. आंघोळीला गेले तरी फोन मोरीच्या खिडकीत. जेवायला बसले तर ताटाशेजारी. वाडीतली माणसं चेष्टा करायची, धर्माजीबाबा, लग्न ठरलंय का फोनशी? धर्माजी म्हणायचे, ठरलंच हाय समजा. विवेकला हे सगळं गावंढळ वाटायचं. बापाचा फोन त्याने कधी हातात धरून नीट पाहिलाही नव्हता.

आता ठाकूर सरांकडे वळू. शिवदास ठाकूर हे गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. विवेक त्यांचाच विद्यार्थी, त्याची धाकटी बहीण साक्षी आता तिथेच नववीत. सरांना आयुष्यात एकच नाद, ढालींचा. स्वच्छतेची ढाल, वृक्षारोपणाची ढाल, कसलीही चालेल, पण कपाटात ढाल हवी. शाळेतले कॉम्प्युटर कोणीतरी देणगी म्हणून दिल्यापासून फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेले असत आणि खोलीची चावी सरांच्या खिशात. वापरले तर बिघडतील, असं सरांचं म्हणणं. विवेकने जेव्हा सांगितलं, की ज्या शाळेत सगळ्यात जास्त झेप घेतलं जाईल तिला कंपनी ढाल देणार, तेव्हा सरांनी चावी काढली.

अर्थात उद्घाटनाशिवाय आपल्याकडे नळसुद्धा सुरू होत नाही. ब्राउझरचं उद्घाटन कसं करायचं, यावर शिक्षकांची बैठक झाली. एका कॉम्प्युटरच्या पडद्याला आडवी लाल फीत चिकटवली. ती सरांनी कापली. मग नारळ. तो उंबरठ्यावर फोडावा, असं कोणालाही सुचलं असतं, पण फोटोत कॉम्प्युटर यायला हवा म्हणून विवेकने सरांना टेबलाजवळ उभं केलं. नारळ एका दणक्यात फुटला आणि पाणी गेलं थेट खालच्या वीजबोर्डात. एक फटाक्यासारखा आवाज झाला आणि खोलीसकट अर्धी शाळा अंधारात गेली. सरांनी प्रसाद वाटला, कापडं पुन्हा पसरली आणि खोलीला कुलूप घातलं. विवेकच्या हातात राहिला एक फोटो.

कॉम्प्युटर गेले म्हणताना उरले फोन. पण पोरांकडे फोन कुठले? फोन असतात बापाकडे, आणि बाप गेलेला असतो शेतावर, बोटीवर नाही तर मुंबईला. तेव्हा विवेकच्या त्या सुपीक डोक्यातून ‘मोबाइल दिवस’ निघाला. सोमवारी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातला फोन शाळेत आणायचा. सरांनी त्याला स्वतःची जोड दिली. जो आणणार नाही, त्याच्या पालकांना शाळेत बोलावून घेतलं जाईल. लावणी ऐन भरात असताना अर्धा दिवस शाळेच्या पायरीवर कोण जाऊन बसणार? लोकांनी शिव्या घातल्या आणि निमूट फोन पोरांच्या दप्तरात टाकले. एक अख्खं गाव एका दिवसापुरतं मुकं करून ठेवलं या दोन शहाण्यांनी, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

विवेक त्या सकाळी लवकरच बाहेर पडला होता, कारण मुंबईहून कंपनीचा साहेब व्हिडिओ काढायला येणार होता. मागे घरात साक्षीने बापाला सरांचा हुकूम सांगितला. धर्माजींनी गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवला आणि नाही म्हणाले. मग त्यांनी विचार केला. फोन जाणार कुठे, तर शाळेत. शाळेत कोण आहे, तर विवेक. म्हणजे ज्याचा फोन यायचा त्याच्याच हातात तो असणार, त्याहून बरं काय? उगीच आपण निरोप्या कशाला? त्यांनी रबर सोडलं, फोन पुसला आणि पोरीला नीट समजावून सांगितलं, की हा पेटीत-बिटीत टाकायचा नाही, दादाच्या हातात द्यायचा. एवढा साधा, सरळ हिशेब. त्यात चूक कुठे होती, ते कोणी दाखवून द्यावं.

चूक ही, की शाळेत साक्षीला दादा नव्हताच. साहेबांसमोर दादा-बिदा नको, सर म्हणायचं, अशी विवेकने तिला आदल्या दिवशीच तंबी दिली होती. वाडी, बाप, बहीण, हे सगळं त्याला ओळखपत्राच्या मागे दडवून ठेवायचं होतं.

साहेब मांडव्याला रो-रो बोटीतून गाडी उतरवून आला. पांढरे बूट, आणि चिखल पाहून तोंड वाकडं. शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराच्या खोलीतली प्लास्टिकची घमेली मांडली होती आणि पोरं रांगेने त्यांत फोन टाकत होती. चिरा गेलेले, रबर लावलेले, माशाचा वास येणारे, चिखलाच्या बोटांचे ठसे असलेले फोन. विवेक ते दोन बोटांनी उचलायचा, पॅन्टला पुसायचा आणि साहेबाकडे पाहून हसायचा. तेच हसणं, नाकातून हवा सोडून. साहेबही हसायचा. आवाज नको म्हणून सगळे फोन मुके करायचा हुकूम सुटला होता.

रांगेत निकेतची बहीण शिवानी उभी होती. बिचारीने शाळेचा हुकूम म्हणून घरातला तो एकच बटणांचा फोन आणला होता. विवेकने तो ओळखला आणि उंच धरून साहेबाला दाखवला.

“हे खेळणं घरी घेऊन जा आणि दादाला दे,” तो शिवानीला म्हणाला. “झेपला याच्यात शिरायची लाज वाटेल.”

पोरं हसली, ठाकूर सरही हसले. मुख्याध्यापकाला हसू आलं, यापुढे काय बोलायचं? पोरीचा चेहरा पडला. ती फोन मुठीत धरून तडक घरी निघाली.

तिच्या मागे दोन-तीन पोरं सोडून साक्षी होती. तिने फोन घमेल्यात टाकला नाही. विवेकपुढे धरून ती हळूच म्हणाली, सर, हा फोन तुमच्या हातात द्यायला सांगितलाय. विवेकने वर पाहिलंसुद्धा नाही. साहेब कॅमेरा लावत होता. सगळ्यांचा सारखाच नियम, असं म्हणून त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि घमेल्यात टाकला. फोनच्या पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो होता, पण वाडीतल्या निम्म्या फोनांवर तोच आहे. साक्षी तिथेच बाजूला उभी राहिली. तिला वर्गात जायला सांगितलं तरी ती खांबाआड थांबली, घमेल्यावर डोळा ठेवून.

मग व्हिडिओ सुरू झाला. एक फोन उचला, त्यात झेप घालताना दाखवा, असं साहेब म्हणाला. विवेकने हात घातला आणि वरचाच फोन उचलला. तो धर्माजींचा होता. कॅमेऱ्याकडे बघत तो बोलू लागला, की रायगडच्या खेड्यातला विद्यार्थी आता झेप घेतोय, वगैरे वगैरे, सगळी पाठ केलेली पोपटपंची. इकडे झेप फोनमध्ये उतरत होतं आणि तेवढ्यात पडद्यावर एक नंबर आला, कुठल्यातरी कार्यालयाचा असावा असा लांबलचक. विवेकने तो कापला. बोलणं पुढे चालू. पुन्हा तोच नंबर. साहेबाने जिभेने चक् केलं.

“कोणीतरी बँकवाले असणार,” विवेक म्हणाला. “या लोकांचे फोन म्हणजे असलेच.” आणि त्याने तो नंबर त्या फोनवर ब्लॉक करून टाकला. मग अंगठा वर करून कॅमेऱ्याकडे पाहत हसला.

खांबाआडून साक्षी दोन पावलं पुढे आली होती. सर, असं ती म्हणालीही. विवेकने तिच्याकडे असं पाहिलं, की पोर पुन्हा खांबाआड गेली.

दुपारपर्यंत सारं उरकलं. गावातला एकूण एक फोन झेप पोटात घेऊन, तापून, पोरांच्या दप्तरातून घरी गेला. ढाल तुमचीच, असं साहेबाने जाता जाता सरांना सांगितलं, आणि सरांनी त्याच दुपारी कपाटात जागा करायला घेतली. विवेकला साहेबाने टी-शर्टांचं एक खोकं दिलं. जिल्हाप्रमुखाचं बघतो, असंही म्हणाला. खोकं मोटारसायकलला बांधून विवेक बराच वेळ साहेबाच्या गाडीमागे मांडव्याच्या रस्त्याने गेला, सोडायला म्हणून. साहेबाने वळूनही पाहिलं नाही. हा मात्र हात हलवून आला.

घरी आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. धर्माजी ओटीवर बसले होते. लावणी टाकून आले होते, पाय धुतलेले, इस्त्रीचा सदरा घातलेला. शेजारी विवेकच्या कागदपत्रांची पिशवी आणि पॉलिश केलेले बूट. झालं असं होतं, की निकेत एका माणसाच्या गाडीवर मागे बसून बंदराकडे जाताना रस्त्यात भेटला होता आणि फोन आला म्हणाला होता. धर्माजींना वाटलं, जागा दोन निघाल्या असतील. पहिल्या नावाला सोडून दुसऱ्याला कोण बोलावतो? तेव्हा विवेकलाही आला असणार, तो कागद घ्यायला येईलच. म्हणून ते तयारीत बसले होते.

विवेकला पाहून ते उठले.

“इतका येळ केलास? चल, बूट घाल. फोन आला आसंल ना?”

विवेकला काही कळेना. तो म्हणाला, फोन तुमच्याकडे येणार, मला कसा कळणार?

“माज्याकडं कुठं हाय? सकाळीच तुज्याकडं धाडला ना साक्षीबरोबर. तुज्याच हातात दे म्हनलं व्हतं.”

साक्षी नुकतीच शाळेतून येऊन दारात उभी होती. तिने दप्तरातून फोन काढून पुढे केला. विवेकने तो उघडला, आणि आधी आली ती पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. ती ढकलली, क्रीमची ढकलली, आणि मग खाली कापलेला नंबर दिसला. त्याने नंबर मोकळा करून लावला. पलीकडून त्याच त्या बाई बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. दोनदा लावला, कापला गेला, तिसऱ्यांदा लागेचना, म्हणून पुढच्याला बोलावलं. त्याने पहिल्या घंटीला उचलला. रुजू होऊन गेला. बरं, ठेवते.

धर्माजी तोंडाकडे पाहत होते. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण पोराचा चेहरा समोर होता. ते पुन्हा ओटीवर बसले. फोन कापला कोणी, एवढंच त्यांनी विचारलं.

आता तरी खरं बोलावं की नाही? पण नाही. विवेकने खोकं खाली ठेवलं आणि म्हणाला, शाळेत रेंज नव्हती बाबा, आपोआप कटला असेल, नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो, तुम्हाला नाही कळायचं.

साक्षी दारातून पुढे आली. शिकवलं होतं तसंच ती बोलली.

“सर, तुम्हीच कापलात.”

धर्माजींनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा पोराकडे. पोरगी घरात उभी राहून भावाला सर म्हणते, याचा अर्थ लागायला त्यांना थोडा वेळ लागला असेल. मग त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, पिशवीतले कागद आत ठेवायला बायकोकडे दिले आणि फोन साक्षीच्या हातात ठेवून म्हणाले, की त्यात आज जे काय घातलंय ते तेवढं काढून टाक. एवढं बोलून ते खाचराकडे गेले, कारण लावणीसाठी उपटलेलं आवण तसंच पडलं होतं. साक्षी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून ते काढत होती. ते निघत नव्हतं. निघणार नाही हे विवेकला माहीत होतं, आणि तो टी-शर्टांच्या खोक्यावर बसून नुसतं बघत राहिला.